न मोडलेली पिन

अप्पांनी सगळ्यांना एकत्र जेवायला बोलावलं की जेवण हे निमित्त असतं, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. या वेळी तर कारणही उघड होतं. विमानतळाच्या सरकारी खात्याचं दुरुस्तीचं कंत्राट संपत आलं होतं, नव्या कंत्राटाचं टेंडर सोमवारी भरायचं होतं, आणि खात्याने या खेपेला एक नवीच अट घातली होती. कामाला जबाबदार म्हणून एकाच माणसाचं नाव द्यायचं. आजवर सगळीकडे अप्पांचीच सही चालत आली होती. पण अप्पांचा हात आता थरथरायचा आणि सही दर वेळी निराळीच उमटायची. "परवा बँकेने मला ओळखच दाखवली नाही," असं ते स्वतःच हसत सांगायचे. म्हणजे आता दोन मुलांपैकी एकाचं नाव घालायचं, आणि ज्याचं नाव लागेल त्याची वर्कशॉप, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं.

थोरल्या सुनेला त्या रविवारी सकाळपासून काही सुचत नव्हतं. नवऱ्याने उभं आयुष्य घरामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये काढलं होतं. धाकटा दीर ऑफिस सांभाळायचा, अधिकाऱ्यांशी गोड बोलायचा आणि शर्टाची इस्त्री मोडू द्यायचा नाही. तो वाईट नव्हता, त्याच्यावाचून खात्याकडचं एक बिल निघालं नसतं. पण विमानाखालचा जॅक गळायला लागला की विमानतळावरून हाक यायची ती थोरल्याला. त्या नावावर आपल्या नवऱ्याचा हक्क आहे असं थोरलीला वाटायचं, आणि ते वाटणं ती फारसं लपवायचीही नाही. कितीतरी वर्षं ती आजच्या दिवसाची वाट पाहत होती.

मन थाऱ्यावर आणायला ती शेडमध्ये गेली. कुणाचं मन फिरून आल्यावर शांत होतं, कुणाचं झोपून. थोरलीचं दुरुस्तीला आलेला माल तपासून व्हायचं. ती आणि तिचा नवरा एकाच तंत्रशाळेत शिकलेले, तिथेच जमलेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात अप्पांनी आलेला माल उघडून बघायचं काम तिच्याकडे दिलं होतं आणि ते परत घेतलं नव्हतं. शेडमध्ये विमानाला लावायची एक जिन्याची गाडी पायऱ्या मिटून उभी होती. सामानाच्या ट्रॉल्यांची चाकं भिंतीशी रचली होती. मोठा जॅक उघडून रॉकेलच्या परातीत धुवायला टाकला होता. आणि दारापाशी, आदल्या संध्याकाळी उशिरा आलेला, एक टो-बार आडवा पडला होता.

विमानाला आपल्या पायाने मागे जाता येत नाही. एवढं अवाढव्य धूड, पण जागेवरून मागे हलायचं तर दुसऱ्याने ढकलावं लागतं. ट्रॅक्टर आणि विमानाचं पुढचं चाक यांच्यामध्ये एक लांब लोखंडी दांडा जोडायचा आणि हळूहळू विमान हलवायचं. तोच टो-बार. या बारला खात्याने चिठ्ठी बांधली होती: तोंड वाकले आहे, सरळ करून द्यावे.

थोरलीने तोंडावरून, म्हणजे चाकाला पकडणाऱ्या टोकावरून, हात फिरवला. चांगलंच वाकलं होतं. आणि तिथेच ती थबकली, कारण ते वाकायलाच नको होतं. तोंडात एक बोटाएवढी शिअर पिन बसवलेली असते आणि त्या पिनेला आयुष्यात एकच काम असतं, वेळेवर मोडणं. ड्रायव्हरने ट्रॅक्टर नको तेवढा वळवला किंवा झटका दिला, तर आधी पिन मोडली पाहिजे. मग तो झटका विमानाच्या पायापर्यंत, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या खांबापर्यंत, पोचत नाही. स्वस्तातली पिन मोडते आणि महागातलं विमान वाचतं. इथे लोखंडाचं जाड तोंड वाकलं होतं आणि पिन ठणठणीत होती.

तिने पिन ठोकून बाहेर काढली. देखणी होती. त्या शेडमध्ये असलं पॉलिश एकच माणूस करायचा. तिने कानस घेऊन पिनेवरून फिरवली. साध्या पोलादाला कानस चावते, बारीक कीस पडतो. ही मात्र काचेवरून घसरावी तशी सर्रकन घसरली. तिने पिन उलटी करून पुन्हा फिरवली. तेच. म्हणजे कुणीतरी ती मुद्दाम कडक केली होती, मोडू नये म्हणून.

"ताई, ताटं घ्यायची वेळ झाली आणि तुम्ही इथे?" धाकटी जाऊ दारात उभी होती. "काय झालं? चेहरा का उतरला एवढा?"

थोरलीने पिन आणि कानस पुढे केली. "चालवून बघ."

सुटे भाग तपासून पाकिटात भरायचे आणि विमानतळावर पाठवायचे, हे धाकटीचं काम. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने एकदा कानस चालवली, मान वर केली आणि आवाज खाली आणला. "असली कितीतरी पाकिटं मी भरून पाठवलीत."

"माहीत आहे."

"दादांनी केल्यात."

"दुसरं कोण करणार असलं पॉलिश?"

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. या दोघी जावा राहिल्या होत्या, पण खणखणाट व्हायचा, आणि शेजाऱ्यांपर्यंत जायचा. म्हणून धाकटी पुढे काय म्हणाली त्याचं थोरलीला फार नवल वाटलं.

"ताई, ऐका माझं. आज काही बोलू नका. आज दादांचं नाव लागून जाऊ दे. मग उद्या मी तुमच्याबरोबर विमानतळावर येते. साधी तपासणी आहे म्हणून सांगू, सगळ्या बारच्या पिना काढून दुसऱ्या घालू. या कानाचं त्या कानाला कळणार नाही."

"दादांचं नाव लागलेलं तुला चालेल?"

"न चालायला काय झालं? आमच्या यांचं लागलं तर हे दिवसरात्र या शेडमध्ये. मला नवरा संध्याकाळी घरी आलेला आवडतो बाई." धाकटी जराशी हसली. "आणि जबाबदार व्यक्ती म्हणजे काय, कळतं मला. काही झालं की पहिल्यांदा त्याचीच मान धरणार."

थोरलीलाही हसू यायला हवं होतं. तिने पिन खिशात टाकली.

नवरा मागच्या नळावर हात धूत होता. ग्रीस निघेस्तोवर तो ताटावर बसायचा नाही, ते त्याच्या अंगवळणीच पडलं होतं. थोरलीने पिन त्याच्या समोर, नळाच्या कट्ट्यावर ठेवली.

"तो बार पाहिलात? तोंड वाकलंय. पिन अशी आहे."

त्याने पिन उचलली, उजेडात फिरवली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान दिसलं, आपल्या मुलाने पहिला नंबर काढावा तसं. "ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला.

"नाहीये ना. तेच सांगतेय."

समाधान सावकाश उतरलं. तिने विचारलं, "तापवून तेलात बुडवल्यात ना तुम्ही?"

"जराशा कडक केल्या. एवढंच."

"का?"

"का म्हणजे? तो खात्याचा भांडारवाला साहेब चारचौघांत काय म्हणाला होता, विसरलीस? तुमच्या पिना बिस्किटासारख्या मोडतात, चहात बुडवून खायच्या का? सगळे फिदीफिदी हसले. अप्पा होते माझ्याबरोबर. अप्पांसमोर हसले." तो नळ बंद करायला विसरला होता. तिने केला. "ड्रायव्हर कसेही गाढवासारखे वळवतात, मोडतं आपलं, नाव खराब आपलं. मी कडक केल्या. तक्रार बंद झाली की नाही?"

"अहो, तक्रार बंद झाली, पण पिनेचं कामही बंद झालं. त्या मोडायलाच केलेल्या असतात."

"मला शिकवू नकोस."

तो चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू बोलला. मग टॉवेल खांद्यावर टाकून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "जेवणं होऊ देत आधी." आणि आत निघून गेला.

थोरली कट्ट्यापाशीच उभी राहिली. तिला त्याचा राग येत नव्हता, याचाच तिला त्रास होत होता. आपल्याकडून गेलेली वस्तू रडत परत येता कामा नये, हे अप्पांचं वाक्य ऐकत तो वाढला होता. त्याच्या हातून निघालेला जॅक गळत नसे, चाक कुरकुरत नसे, आणि मग पिन तेवढी का मोडावी? कामचुकार माणसाला ही चूक जमलीच नसती. त्याने स्वस्तातलं पोलाद आणलं असतं, पिना मोडत राहिल्या असत्या आणि विमानं सुखरूप राहिली असती.

जेवणं मुकाट्याने झाली म्हणावं, तर अक्का होत्या. अक्का म्हणजे या दोघा भावांची मोठी बहीण, वर्कशॉपमध्ये तिसऱ्या हिश्श्याची मालकीण. थोरल्याला त्यांनी कडेवर घेऊन वाढवलेलं, त्यामुळे त्याचं मत तेच अक्कांचं मत. त्या आल्या तेव्हाच थोरलीच्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, "आज तुझ्या नवऱ्याचं होणार गं. मी अप्पांना तयार करून ठेवलंय." थोरली म्हणाली, "हो वन्सं." दुसरं काय म्हणणार? ताटात काय वाढलंय हे तिला जेवण संपेपर्यंत कळलं नाही.

ताटं उचलली, टेबल पुसलं, आणि अप्पांनी चष्मा काढून समोर ठेवला. म्हणजे बैठक सुरू. या घरात बैठकीची एक रीत होती आणि ती अप्पांनी घालून दिलेली. वयाने सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं, सगळ्यात मोठ्याने शेवटी. मोठे आधी बोलले की लहान नुसती मान डोलावतात, असं अप्पांचं म्हणणं. रांग मोडायची नाही आणि मध्ये बोलायचं नाही. दुसरा नियम कुणी पाळत नसे, पहिला मात्र सगळे पाळत.

"बोल," अप्पा धाकटीला म्हणाले.

"दादांचं नाव घाला," धाकटी म्हणाली. घरातच चोर सापडावा तसं धाकट्याने बायकोकडे पाहिलं. अक्कांचा आनंद चेहऱ्यावर मावेना.

"धाकट्या, तू."

धाकट्याने घसा साफ केला. "माझ्या बायकोने माझी विकेट काढलीच आहे," तो म्हणाला, "तरी सांगतो. मला वाटतं, नाव माझं असावं. कामाला दादा, कागदाला मी. खात्याला उत्तरं द्यायची तर बोलणारा माणूस लागतो, आणि दादाचं बोलणं आपल्याला माहीत आहे. पण ते राहू दे. आधी हे ऐका. हे टेंडर आपल्याला कशावर मिळणार, ते ऐका." त्याने टेंडराचा मसुदा समोर धरला. "गेल्या कंत्राटाच्या काळात आमच्या शिअर पिनांबद्दल शेवटी शेवटी एकही तक्रार उरली नाही. पूर्वी वारंवार मोडणाऱ्या पिना आता मोडत नाहीत. हे मी पहिल्या पानावर घातलंय, ठळक अक्षरात. बाकी कुणी टेंडर भरू दे, असं वाक्य त्यांच्याकडे असणार नाही."

ते शंभर टक्के खरं होतं. असं वाक्य दुसऱ्या कुणाकडे असणं शक्यच नव्हतं.

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेवरचा रंगाचा एक पोपडा नखाने उकरत होता. त्या वाक्याने त्याला काय झालं, हे तिला त्याच्या नखावरूनच कळत होतं.

"थोरले, तू," अप्पा म्हणाले.

"माझं यांच्यानंतर ऐकलंत तर?"

"का?"

"तसंच."

"नाही. पाळी तुझी आहे."

तिला वाटलं होतं, नवऱ्याला एक संधी द्यावी. त्याने आपणहून सांगावं. पण रांग म्हणजे रांग. तिच्या डोळ्यांसमोर ती सगळी वर्षं आली, थोरल्याच्या भाजलेल्या बोटांना तिने लावलेलं मलम, विमानतळावरून फोन आल्यावर अर्ध्या ताटावरून त्याचं उठणं. आत्ता ती म्हणाली असती, यांचं नाव घाला, तर बैठक दोन मिनिटांत संपली असती. ते तिच्या जिभेवर अगदी तयार होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "ते वाक्य काढा."

आणि तिने खिशातून पिन काढून टेबलाच्या मधोमध ठेवली.

सांगायला फार वेळ लागला नाही. बारचं तोंड वाकलंय, पिन मोडलेली नाही, कानस लागत नाही. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. धाकट्याने पिन उचलली, पॉलिश पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि पिन परत ठेवली.

"मला कळेल असं कुणीतरी बोला," अक्का म्हणाल्या.

"अक्का," धाकटा म्हणाला, "मी शाळेत होतो तेव्हा घरातला फ्यूज सारखा उडायचा. मी वैतागून त्यात जाड तार घातली. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? भिंतीतली वायर जळायला लागली होती. दादाने तुझ्या कानाखाली जाळ काढला होता."

"तीच जाड तार आहे ही."

"घातली कुणी?"

अक्कांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थोरल्यापाशी त्यांची नजर थांबली. मग त्यांचा सगळा राग वळून थोरलीवर आला. "आणि हे तू आज सांगतेस? आजच?"

"मलाच आज कळलं, वन्सं."

"मग उद्या कळलं असतं तर काय बिघडणार होतं?"

"विमानांना रविवार नसतो," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "आत्तासुद्धा आपल्या पिना लावून कुठलंतरी विमान ओढत असतील. या वेळी बारचं तोंड वाकलं. पुढच्या वेळी विमानाचा पाय जाईल. आणि विमान मागे ढकलताना एक माणूस त्या पायाशेजारूनच चालत असतो."

धाकटीने मान खाली घातली. तिचं "उद्या" आता तिलाही लांब वाटायला लागलं असावं.

या घडीला धाकट्याला बाजी मारता आली असती. नुसतं "बघा" म्हटलं असतं तरी पुरे होतं, नाव आपोआप त्याच्या पदरात पडलं असतं. थोरली त्या शब्दाची वाटच बघत होती. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "असं करू," तो म्हणाला, "मी ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला आत्ता फोन लावतो. सांगतो की पोलादच सदोष आलं. व्यापाऱ्याने दुसराच माल दिला, आम्हाला आज कळलं. बार थांबवा म्हणतो. काम होईल आणि दादावर काही येणार नाही."

भावाला वाचवायला तो खोटं शोधत बसला होता. थोरलीला त्याच्याबद्दल इतक्या वर्षांत आली नव्हती एवढी माया त्या क्षणी आली. पण खोटं ते खोटंच. उगाच तो बिचारा पोलादवाला फासावर.

"तुझी पाळी झाली आहे," अप्पा धाकट्याला म्हणाले. मग मान वळवून, "थोरल्या, आता तू."

थोरला पोपडा उकरत राहिला. अप्पा थांबले. अप्पांना थांबता यायचं, सरकारी खात्याकडून बिलं वसूल करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मला काही बोलायचं नाही," थोरला म्हणाला.

थोरलीला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. माहेरून पहिल्यांदा आली तेव्हाही नाही. आपण याचं नाव घालवलं, तोंडही दाखवायला जागा ठेवली नाही, आणि हा आता जन्मभर असाच टेबलाकडे बघत बसणार, असं तिला वाटून गेलं. पण कुठेतरी विमान हलत होतं आणि चाकाशेजारून कुणीतरी चालत होतं. ती उठली.

"भाऊजी, नंबर लावून द्या."

धाकट्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्याने नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

पलीकडून घाईतला आवाज आला. कोण बोलतंय? तिने वर्कशॉपचं नाव सांगितलं. ते कळलं, पण आपण कोण? थोरलीने तोंड उघडलं आणि तिला शब्द सापडेना. इतकी वर्षं आलेला सगळा माल तिच्या हाताखालून गेला होता, पण आपण तिथे कोण आहोत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही ठरवलं नव्हतं. मालकीण नाही. नोकरीला नाही. सून म्हणावं तर सुनेचं टो-बारशी काय काम?

"मी..." ती म्हणाली, आणि फोन तिच्या हातातून कुणीतरी काढून घेतला.

"मी बोलतोय," थोरला म्हणाला. त्याने नाव सांगितलं, अप्पांचं लावून पूर्ण सांगितलं. "शिअर पिनांबद्दल बोलायचंय. त्या मी केल्यात. नको तेवढ्या कडक केल्यात, त्या मोडणार नाहीत. आमच्याकडून आलेले सगळे बार आत्ता बाजूला काढा. हो, आत्ताच. एकही वापरू नका." तो ऐकत राहिला. "नाही साहेब, पोलाद चांगलं होतं. व्यापाऱ्याचा काही दोष नाही. मीच तापवल्या." पुन्हा ऐकलं. "सारख्या मोडतात म्हणून. हो. मोडायलाच असतात, माहीत आहे. माहीत होतं." मग बराच वेळ नुसता "हो, हो" म्हणत राहिला, आणि एकदा, "हो साहेब, तसं लिहूनही देतो."

त्याने फोन धाकट्याला परत दिला.

"काय म्हणाले?" धाकट्याने विचारलं.

"सगळे बार थांबवले. एक विमान अर्ध्या वाटेत उभं आहे, त्याला दुसऱ्या कंपनीचा बार मागवतायत. उद्या सकाळी जाऊन पिना बदलायच्या, त्यांच्या माणसासमोर. चौकशी होईल म्हणाले."

"आणि आपलं टेंडर? भरू नका म्हणाले का?"

"मी विचारलं नाही," थोरला म्हणाला.

अप्पांनी चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाने पुसला. "मीही विचारलं नसतं," ते म्हणाले.

थोरला बायकोशेजारच्या खुर्चीवर बसला. मघाशी तो तिथे नव्हता, टेबलाच्या त्या टोकाला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पण टेबलाखाली त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकला आणि तसाच राहिला.

"राहिले अक्का आणि मी," अप्पा म्हणाले. "अक्के, बोल."

"मी काय बोलू?" अक्कांनी डोळे पुसले. "मी थोरल्याचं नाव घ्यायला आले होते. आता ते घ्यायला तोंड नाही आणि दुसऱ्याचं घ्यायला जीव होत नाही. तुम्हीच काय ते ठरवा."

"तर मग माझी पाळी." अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि धाकट्याच्या हातातल्या मसुद्याकडे बोट केलं. "ते पहिल्या पानावरचं वाक्य काढ. काय झालं ते त्या जागी लिही, जसं घडलं तसं. टेंडर उद्या भरायचं. मिळालं तर मिळालं, नाहीतर ट्रॉल्यांची चाकं बदलून आपण उपाशी मरणार नाही. आणि नाव थोरल्याचं घाल."

थोरल्याने मान वर केली. "अप्पा, नको."

"दादाचं?" धाकटाही चमकला. "अप्पा, मला पाहिजे म्हणून म्हणत नाही. पण आत्ता, हे सगळं झाल्यावर, दादाचं?"

"झाल्यावरच," अप्पा म्हणाले. "त्याची चूक करून झाली, आणि स्वतःच्या तोंडाने सांगूनही झाली. तुझी अजून व्हायची आहे."

धाकट्याने मसुदा टेबलावर पसरला. मग पेन घेतलं, ठळक अक्षरांतलं वाक्य खोडलं आणि भावाचं नाव लिहायला घेतलं. थोरली चहा टाकते म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून पोटभर रडली.